पट, गाणे आणि बाजार : बंगालच्या पटुआंची निर्मितिप्रेरणा आणि विक्रीव्यवहार

स्वतंत्रपणे काम करणारा हस्तकारागीर वस्तू कशाच्या ओढीने घडवतो आणि ती कशी विकतो, हे दोन प्रश्न आपल्याकडे सहसा वेगवेगळ्या अभ्यासशाखांकडे सोपवले जातात. प्रेरणेचा विचार कलासमीक्षेने करावा आणि विक्रीचा अर्थशास्त्राने, अशी ही वाटणी आहे. ज्या कारागिराची वस्तू केवळ वस्तू असते, त्याच्यापुरती ही वाटणी एक वेळ चालून जाईल. परंतु ज्याच्या हातची वस्तू एकाच वेळी चित्रही असते आणि कथनसंहिताही, त्याच्या बाबतीत ती टिकत नाही. बंगालचा पटुआ हा असा कारागीर आहे. तो पट रंगवतो, त्या पटाचे गाणे रचतो आणि ते स्वतःच गातो. गिऱ्हाईक या तिहींपैकी नेमके कशाचे मोल देते, यावर पुढच्या पिढीत त्यांतले काय टिकणार हे ठरत आले आहे. प्रस्तुत लेखात या व्यवहाराची स्थित्यंतरे मांडण्याचा आणि त्यांचा मौखिक संहितेवर झालेला परिणाम स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. शेवटी कोकणातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेशी त्याची तुलना केली आहे.

१. पट आणि त्याचे गाणे

बंगालीत ज्याला ‘जडानो पट’ म्हणतात तो गुंडाळी करून ठेवायचा लांब पट असतो. कागदाचे ताव एकाखाली एक जोडून, मजबुतीसाठी मागे जुन्या साडीचे कापड चिकटवून तो तयार होतो. त्यावर वरून खाली अशा क्रमाने प्रसंगांच्या चौकटी रंगवलेल्या असतात. पटुआ गाऊ लागला की एकेक चौकट उलगडतो, तीवर बोट ठेवतो आणि त्या प्रसंगाची कडवी म्हणतो. या गाण्यांना ‘पटेर गान’ असे नाव आहे. चित्र आणि गाणे यांपैकी एकटे काहीच पुरते नसते. चौकटीत पात्रे आणि घटना असतात. त्यांचे नाते, कारण आणि तात्पर्य गाण्यात असते. मनसादेवी आणि बेहुला-लखिंदर यांची कथा, चंडीमंगलातील प्रसंग, रामकथा, कृष्णलीला, चैतन्यचरित्र, त्याचबरोबर सत्यपीर आणि गाझीपीर यांच्या कथा हे या पटांचे परंपरागत विषय होत. यमाच्या दरबारातील शिक्षांची दृश्ये शेवटी दाखवण्याचीही प्रथा आहे.

ही पद्धत बरीच जुनी असल्याचे संस्कृत वाङ्मयावरून दिसते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरतो. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त बाजारपेठेत मुलांच्या गराड्यात उभा राहून, पटावरील चित्रे वेताच्या काडीने दाखवीत परलोकीची हकिकत सांगणारा यमपट्टिक येतो. दोन्ही ठिकाणी हा माणूस रस्त्यावरचा आहे. कोणाच्याही दारात त्याला प्रवेश आहे, म्हणूनच हेराला त्याचे सोंग घेता येते.

समाजरचनेतील पटुआचे स्थानही असेच उंबरठ्यावरचे आहे. ब्रह्मवैवर्तपुराणात विश्वकर्म्याच्या नऊ कारागीर पुत्रांत चित्रकाराची गणना आहे आणि चित्रे काढताना त्याने ठरलेली रीत मोडली म्हणून तो शापाने पतित झाला, असे तेथे म्हटले आहे. प्रत्यक्षात बंगालच्या पटुआंपैकी बहुसंख्य धर्माने मुसलमान असून ते हिंदू देवदेवतांच्या कथा गातात. ‘चित्रकार’ हे आडनाव ते लावतात आणि हिंदू व मुसलमान अशी दोन नावे बाळगण्याची चालही त्यांच्यात नोंदली गेली आहे. रीत मोडल्याचा ठपका आणि दोन धर्मांच्या सीमेवरचा वावर यांमुळे कोणत्याही एका देवस्थानाची किंवा दरबाराची कायमची चाकरी त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांचे ‘स्वतंत्र’ असणे हे अशा परिस्थितीतून आलेले आहे.

२. ज्यात चित्र विकले जात नव्हते असा व्यवहार

जुन्या व्यवहारात पटुआ पट विकत नसे. तो पट काखेत घेऊन गावोगाव फिरे, अंगणात पट उलगडून गाई आणि त्याच्या मोबदल्यात तांदूळ, भाजी, जुने कपडे, थोडेफार पैसे मिळवी. म्हणजे मोल होते ते गाण्याचे, कथनाचे. पट हे त्याचे हत्यार होते, सुताराच्या रंध्यासारखे. एकच पट वर्षानुवर्षे चाले आणि फाटला की त्याची नवी प्रत रंगवली जाई. या व्यवस्थेत चित्र काढण्यापेक्षा गाणे पाठ असणे हे पोटाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होते.

संताळ समाजात फिरणाऱ्या जादू-पटुआंचा ‘चक्षुदान पट’ हा या व्यवहाराचा फार बोलका प्रकार आहे. घरात मृत्यू झाला की पटुआ मृताचे चित्र घेऊन येतो. त्यात डोळ्यातली बाहुली रंगवलेली नसते. डोळे नसल्यामुळे मृत व्यक्ती परलोकी अंधपणे भटकत आहे असे तो सांगतो आणि नातेवाइकांनी दान दिल्यावर डोळा पुरा करतो. येथेही चित्राचे हस्तांतर हा व्यवहाराचा गाभा नाही. चित्र पूर्ण करण्याच्या कृतीचे मोल दिले जाते, आणि मोल मिळेपर्यंत कलाकृती अपूर्णच राहते. निर्मिती आणि मोबदला यांत आधी एक आणि नंतर दुसरे अशी क्रमवारी लावता येत नाही, हे यातून स्पष्ट होते.

३. कालीघाट : पहिला विच्छेद

१९ व्या शतकात काही पटुआ कलकत्त्यात कालीघाटच्या मंदिर-परिसरात येऊन स्थिरावले. येथे गिऱ्हाइकाच्या दारी जाण्याची गरज उरली नाही, कारण यात्रेकरूच त्यांच्या दुकानाशी येत होते. पण यात्रेकरूला तासभर कथा ऐकायला सवड नव्हती. त्याला घरी नेण्यासारखी, हलकी आणि स्वस्त वस्तू हवी होती. परिणामी गुंडाळीचा पट मागे पडला आणि गिरणीच्या कागदाच्या सुट्या तावावरचे एकप्रसंगी चित्र पुढे आले. झपाट्याने ओढलेली ठळक रेषा आणि मोकळी पार्श्वभूमी ही कालीघाट चित्रांची प्रसिद्ध वैशिष्ट्ये बऱ्याच अंशी या घाऊक मागणीतून आली. चौकटींचा क्रम गेला आणि त्याबरोबर गाणेही गेले.

मात्र गाणे गेल्यामुळे कथा गेली असे म्हणता येत नाही. १८७३ साली गाजलेल्या तारकेश्वर प्रकरणाची, म्हणजे मंदिराचा महंत, एलोकेशी आणि तिचा पती नवीन यांच्या शोकांतिकेची, कालीघाटच्या चित्रकारांनी असंख्य चित्रे काढली. ती पाहणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. त्याच प्रकरणावर नाटके आणि प्रहसने होत होती, बटतल्याच्या छापखान्यांतून पुस्तिका निघत होत्या. चित्रातून निघून गेलेली संहिता रंगभूमीवर आणि छापील पानांवर आधीच हजर होती. कालीघाटच्या चित्रकाराला गाणे सोडून देणे परवडले ते या कारणाने. पुढे यंत्रावर छापलेली स्वस्त रंगीत चित्रे बाजारात आल्यावर त्याचा धंदा बसला आणि २० व्या शतकाच्या पूर्वार्धात तो संपला. खेड्यात गाणारा पटुआ मात्र टिकून राहिला. ज्याच्यापाशी केवळ चित्र होते त्याला छापखान्याने हटवले. ज्याच्यापाशी गाणेही होते त्याची जागा छापखान्याला घेता आली नाही. आजच्या परिस्थितीचा विचार करताना हा इतिहास विसरून चालणार नाही.

४. नया : दारी आलेला बाजार

पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील पिंगला भागातले नया हे आज पटुआंचे सर्वांत परिचित गाव आहे. येथे प्रत्येक कुटुंब ही एक स्वतंत्र कार्यशाळा आहे. कुटुंबातील माणसे मिळून रंग करतात, पण पट ज्याचा त्याचा असतो. गोकर्णीच्या फुलांपासून निळा, हळदीपासून पिवळा, वालाच्या पाल्यापासून हिरवा, शेंदरीच्या बियांपासून तांबडा, मायाळूच्या फळांपासून जांभळट आणि काजळीपासून काळा असे रंग करण्याची त्यांची पद्धत आहे. हे रंग बेलफळाच्या चिकात कालवून नारळाच्या करवंटीत ठेवले जातात. नैसर्गिक रंगांचा हा तपशील आता केवळ तंत्राचा राहिलेला नाही. गिऱ्हाईक तो आवर्जून विचारते, त्यामुळे तो विक्रीच्या बोलण्याचाही भाग झाला आहे.

दारोदार फिरून पोट भरणे २० व्या शतकाच्या उत्तरार्धात अवघड झाले. चित्रपट, रेडिओ आणि पुढे दूरचित्रवाणी यांनी श्रोत्यांची संध्याकाळ घेतली. त्याच काळात हस्तकलेला शहरी बाजार मिळवून देणाऱ्या संस्था आणि मेळे उभे राहिले. १९८७ पासूनचा सूरजकुंडचा मेळा, १९९४ मध्ये सुरू झालेले दिल्ली हाट, राज्य शासनांची हस्तकला प्रदर्शने ही त्यांची उदाहरणे. २०१० पासून नया गावातच ‘पटमाया’ हा उत्सव भरू लागला. ‘बांगलानाटक डॉट कॉम’ ही संस्था आणि गावातील कलावंतांचा ‘चित्रतरु’ हा समूह यांच्या सहकार्याने तो सुरू झाला. या दिवसांत घरांच्या ओसऱ्या हीच दुकाने होतात. २०१८ साली ‘बेंगाल पटचित्र’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली.

या बदलाने विक्रेय वस्तूच पालटली. आता पट विकला जातो. त्याची किंमत लांबी, चौकटींची संख्या, रंग आणि चित्रकाराची ख्याती यांवर ठरते. ज्यांना पूर्ण पट परवडत नाही त्यांच्यासाठी एकाच प्रसंगाचे लहान चौकोनी चित्र असते. त्याखेरीज ओढण्या, छत्र्या, किटल्या, सदरे यांवरही तीच आकृती रंगवली जाते. गाणे अजून गायिले जाते, पण त्याची भूमिका बदलली आहे. पूर्वी गाण्याचे मोल मिळे आणि चित्र ते गाणे समजायला मदत करी. आता चित्राचे मोल मिळते आणि गाणे ते चित्र खपायला मदत करते. ज्याला बंगाली येत नाही अशा गिऱ्हाइकासाठी तर दोनचार कडवी पुरतात. माशांच्या लग्नाचा लोकप्रिय पट घ्या. लहान मासे थाटामाटाने वरात काढतात आणि मोठा मासा शेवटी सर्वांना गिळतो, ही त्यातली उपरोधाची गोष्ट आहे. किटलीवर आला की त्यातले उरतात ते सुंदर मासे.

हे केवळ ऱ्हासाचे चित्र आहे असे समजणे चुकीचे ठरेल. फेरीवर जाऊन गाणे हे पूर्वी प्रामुख्याने पुरुषांचे काम होते. विक्री घराच्या ओसरीवर आली, मेळ्यांची निमंत्रणे व्यक्तीच्या नावाने येऊ लागली, तेव्हा स्त्रियांना स्वतःच्या नावाने काम करण्याची वाट मोकळी झाली. दुखुश्याम चित्रकार यांच्यासारख्या ज्येष्ठांनी स्त्रियांना पट आणि गाणी शिकवली, आणि आज नयातील नामवंत चित्रकारांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. गावाला बाजार मिळाला नसता तर पट वस्तुसंग्रहालयात उरले असते आणि पटुआ अन्य मजुरीकडे वळले असते, हे नाकारता येणार नाही.

५. प्रेरणेचा प्रश्न : नवे विषय कोठून येतात?

पटुआंच्या नव्या विषयांकडे पाहून ते बाजाराच्या मागे गेले असा आक्षेप घेतला जातो. २००१ सालचा अमेरिकेवरील हल्ला, २००४ सालची त्सुनामी, एड्सविषयी जागृती, वृक्षारोपण, हुंडा यांवर पट झाले आहेत. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात स्वर्ण चित्रकार यांनी करोनाचा पट रंगवून त्याचे गाणे रचले. यांतील काही विषय शासकीय वा स्वयंसेवी संस्थांनी मोबदला देऊन सुचवलेले असतात, काही बातम्यांतून येतात, तर काही शहरी गिऱ्हाइकाच्या कुतूहलातून.

पण समकालीन घटना पटावर येणे ही नवी गोष्ट नाही. ब्रिटिश राजवटीतील जुलूम दाखवणारे ‘साहेब पट’ पूर्वीपासून आहेत. पटुआ हा बातमी आणणारा माणूसही होता. त्याने देवाची कथा जशी गायिली तशी पुराची आणि दुष्काळाचीही गायिली. श्रोत्यांना जे ऐकायचे असे आणि पटुआला जे सांगायचे असे, त्यांच्या मधल्या जागेत त्याचा विषय सापडे. कलावंताच्या अंतर्यामी उगम पावणारी आणि बाजाराने बिघडण्यापूर्वी शुद्ध असलेली प्रेरणा ही कल्पना येथे लागू पडत नाही. म्हणून आजचा प्रश्न विषय कोण सुचवतो हा नसून त्या विषयाला गाणे मिळते की नाही हा आहे. ज्या पटासाठी गाणे रचले गेले तो परंपरेत शिरला; ज्यासाठी रचले गेले नाही ते चित्र राहिले. करोनाच्या पटाचे महत्त्व याच कारणाने आहे. त्या काळात मेळे बंद होते, गिऱ्हाईक गावात येत नव्हते, आणि नेमक्या त्याच वेळी गाणे ध्वनिचित्रफितीच्या रूपाने आधी लोकांपर्यंत पोहोचले.

६. भणिता आणि सही

या स्थित्यंतराची सर्वांत सूक्ष्म खूण कर्तृत्वाच्या नोंदीत आढळते. पटेर गानाच्या शेवटी गाणारा आपले नाव आणि गाव सांगतो. मध्ययुगीन बंगाली काव्यातील भणितेचीच ही मौखिक प्रथा होय. मराठी संतकवींच्या अभंगातील नाममुद्रा आपल्या परिचयाची आहे. नाममुद्रेप्रमाणेच भणितेमुळे रचना कोणाची हे कळते. पण पटुआच्या भणितेत गावाचा आणि ठाण्याचा पत्ताही असल्यामुळे ती फिरत्या कारागिराची जाहिरातही ठरते. गाणे आवडले तर तो कोठे भेटेल हे श्रोत्याला त्याच ओळीत समजते. काव्यसंकेत आणि विक्रीव्यवहार येथे एकाच ओळीत नांदतात.

आज विकल्या जाणाऱ्या पटावर चित्रकाराची सही असते आणि बहुधा भ्रमणध्वनीचा क्रमांकही असतो. कर्तृत्वाची नोंद गाण्याच्या शेवटाकडून चित्राच्या कोपऱ्याकडे सरकली आहे. त्यामुळे एक नवी अडचण उभी राहिली. गाणे सामाईक होते. प्रत्येक गायक त्यात भर घालून शेवटी स्वतःचे नाव गुंफू शकत होता आणि त्याला कोणी चोरी म्हणत नव्हते. सहीच्या व्यवस्थेत मात्र शेजाऱ्याने तीच रचना रंगवून विकली की तक्रार होते. भौगोलिक निर्देशांक समूहाच्या नावाला संरक्षण देतो. एका कारागिराच्या नव्या कल्पनेला दुसऱ्यापासून संरक्षण देणे हे त्याचे काम नाही. सामूहिक संहिता आणि वैयक्तिक वस्तू यांच्यातील हा ताण नयाच्या प्रत्येक ओसरीवर आहे.

चेन्नईच्या तारा बुक्सने काढलेल्या पुस्तकांनी या ताणाला वेगळे वळण दिले. जयदेव व मयना चित्रकार यांचे ‘त्सुनामी’ (२००९) हे पुस्तक पटासारखेच उलगडते. मनू चित्रकार यांनी आर्थर फ्लॉवर्स यांच्या कथनासह मार्टिन ल्यूथर किंग यांचे चरित्र रंगवले (२०१०), आणि मयना चित्रकार व संहिता अर्णी यांचे ‘सीताज् रामायण’ २०११ साली आले. शेवटच्या दोन पुस्तकांत चित्रकार आणि लेखक अशी विभागणी झाली आहे. पटुआला तेथे मानाचे स्थान आहे, परंतु शब्द दुसऱ्याचे आहेत. जी व्यक्ती आपल्या परंपरेत कवी, गायक आणि चित्रकार होती तिला मुद्रित ग्रंथाच्या व्यवस्थेत बहुधा चित्रकार म्हणूनच प्रवेश मिळतो. ‘त्सुनामी’ या दृष्टीने अपवाद ठरते, कारण त्यात गाणे आणि पट दोन्ही पटुआंचे आहेत.

७. पिंगुळीशी तुलना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. येथे पट गुंडाळीचा नसतो. रामायण-महाभारतातील आख्यानांची सुटी चित्रे क्रमाने लावून त्यांची ‘पोथी’ बांधलेली असते. गायक एकेक चित्र फळीला टेकवून समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने आख्यान लावतो. चित्रांच्या संचाला पोथी म्हणणे अर्थपूर्ण आहे. अक्षर नसले तरी ती वाचायची वस्तू आहे आणि ती वाचण्याचा अधिकार कुळातून येतो.

दोन परंपरांतील फरक विक्रीच्या संदर्भात निर्णायक ठरतो. बंगालचा पट विकला गेला तरी चौकटींचा क्रम त्याच्याबरोबर जातो. गाणे हरपले तरी कथेचा सांगाडा उरतो. चित्रकथीच्या पोथीतले एखादे पान संग्राहकाने नेले की आख्यानच तुटते, आणि नेलेले पान कोणत्या प्रसंगाचे हे सांगणारा कोणी राहत नाही. जुनी चित्रे वस्तुसंग्रहालयांत ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या नावात शैलीची ओळख आहे. आख्यानाचा किंवा ते लावणाऱ्याचा निर्देश नाही. या पार्श्वभूमीवर पिंगुळीतच आपले संग्रहालय उभारून तेथे प्रयोग आणि शिक्षण चालू ठेवण्याचे परशुराम गंगावणे यांचे कार्य लक्षणीय आहे. त्यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. पोथी जागेवर ठेवायची आणि नव्याने रंगवलेली सुटी चित्रे विक्रीला द्यायची, ही वाट त्यातून दिसते. वाचायची वस्तू आणि विकायची वस्तू येथे वेगळ्या केल्या आहेत.

८. समारोप

पटुआच्या इतिहासात विकला जाणारा घटक किमान दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा संहितेने त्याची किंमत मोजली. कालीघाटमध्ये गाणे संपले तेव्हा त्याची कथा सांभाळायला नाटक आणि छापील पुस्तक उभे होते. नयामध्ये तसा दुसरा आधार नाही. तेथील गाणी आजही मुख्यतः गाणाऱ्यांच्या स्मरणातच आहेत. गुरुसदय दत्त यांनी बंगालमध्ये गोळा केलेली पटुआंची गाणी ‘पटुआ संगीत’ या नावाने कलकत्ता विद्यापीठाने १९३९ साली प्रसिद्ध केली. चित्रसंग्राहकाने गाणीही जमवली याचे ते ठळक उदाहरण आहे. त्या मानाने आपल्या संग्रहालयांतील बहुतेक पटांच्या नोंदीत विषय, माप, काळ आणि प्रदेश एवढेच असते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यात करण्यासारखे बरेच आहे. पट विकत घेताना वा संग्रहात नोंदवताना त्याचे गाणे त्याच गायकाकडून उतरवून घेणे, भणितेतील नाव आणि सहीतील नाव यांची सांगड घालणे, एकाच कथेच्या वेगवेगळ्या कुटुंबांतील पाठांची तुलना करणे आणि या कामाचा मोबदला पटाच्या किमतीहून वेगळा देणे, ही त्यांतील तातडीची कामे आहेत. मोबदल्याचा मुद्दा येथे गौण नाही. नयातल्या मुलाने रंग कालवायला शिकावे की गाणे पाठ करावे, याचा निर्णय घरात रोजच्या रोज होतो, आणि तो कोणत्या कौशल्याला पैसा मिळतो यावर ठरतो. ज्याला मोल आहे ते शिकवले जाते. गाण्याला पुन्हा मोल मिळाले तरच पट ही संहिता म्हणून पुढे जाईल.